ग्लेन फर्नाखची स्वस्त बाटली

मिसिसागात मराठी मंडळं किती आहेत हे मोजायला निघालेला माणूस अजून घरी परतलेला नाही. गणपतीचं एक, त्या गणपतीच्या आरतीला माइक कोणी धरायचा यावरून फुटलेलं दुसरं, नाटकाचं तिसरं, आणि नाटकाला न बोलावलेल्यांचं चौथं, ते सगळ्यांत मोठं. पण तोऱ्याच्या बाबतीत या सगळ्यांना खिशात घालील असं मंडळ होतं प्रतापच्या बेसमेंटमधलं. नाव सिंगल मॉल्ट मंडळ. सभासद पाच. सहावा घ्यायचा नाही असा ठराव होता, कारण बाटलीचे पाच वाटे बरोबर होतात, सहा करायला गेलं की कोणाचा तरी चेहरा उतरतो.

प्रताप या मंडळाचा संस्थापक, अध्यक्ष आणि नाक. तीनही पदं त्याने स्वतःच स्वतःला बहाल केली होती. मूळचा पुण्याचा, विमानतळाजवळच्या एका कंपनीत इंजिनिअर. कॅनडात आला तेव्हा रममध्ये कोक घालून, वर लिंबू पिळून आनंदाने पीत असे. मग स्कॉटलंडची आठ दिवसांची बसची सहल झाली, आणि तिकडून जो माणूस परत आला त्याच्यासमोर ग्लासात बर्फ टाकायची सोय राहिली नाही. कोणी टाकलाच तर तो त्याच्याकडे असा बघायचा, जसा काही त्याने श्रीखंडात बोंबील बुडवला. त्याच्या नाकाचे पराक्रम तर विचारू नका. एका घोटात त्याला पिकलेलं पेअर, जुन्या खोगिराचं चामडं, समुद्रकाठचं शेवाळ आणि चर्चमधली नुकती विझलेली मेणबत्ती एवढं सगळं सापडायचं. शेगडीशेजारी उभं राहून करपलेलं दूध मात्र त्याला जन्मात कधी कळलं नाही.

उरलेले चौघे त्याच्या तालमीत तयार झालेले. नंदन सॉफ्टवेअरवाला, तो चव घेण्याआधी आपल्या एक्सेलच्या तक्त्यात मार्क बघून घ्यायचा आणि मग त्या मार्कांना शोभेल असा चेहरा करायचा. अरविंद ट्रकांच्या कंपनीत. पाच जणांत चिवड्याचं एक पाकीट आणायचा आणि जाताना उरलेला घेऊन जायचा. राजन नागपूरचा, कॉन्डो म्हणजे तिकडचे फ्लॅट विकायचा, आणि व्हिस्कीही विकायला काढल्यासारखी वाखाणायचा. आणि स्कारबरोचे शरदचंद्र, निवृत्त, वयाने सगळ्यांत मोठे. नऊ वर्षांत त्यांनी व्हिस्कीबद्दल दोनच शब्द काढले होते, "बरी आहे." यावरून त्यांना फार कळतं असं सर्वांचं मत झालं होतं.

तर २००९च्या मार्चमध्ये शुभदाच्या, म्हणजे प्रतापच्या बायकोच्या ऑफिसने एका सकाळी अर्ध्या लोकांना खोक्यात सामान भरून घरी जायला सांगितलं. शुभदा त्या अर्ध्यांत होती. ती रडत बसली नाही. संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन तिने मुलं सांभाळायचा कोर्स केला, पहिल्या नंबराने केला, आणि सप्टेंबरात एका रविवारी पोहे पुढ्यात ठेवता ठेवता म्हणाली,

"प्रताप, मला बेसमेंट हवंय. जानेवारीपासून पाळणाघर काढतेय."

"बेसमेंट? अगं, तिथे बार आहे!"

"बार तोडू. चटया घालू. वॉशरूम आहेच खाली. परवान्याच्या भानगडीशिवाय पाच मुलं ठेवता येतात."

"पाच पोरं? माझ्या बेसमेंटमध्ये?"

"आत्ताही पाचच असतात. ही निदान दुपारी झोपतील तरी."

प्रतापच्या हातातला चमचा तिथेच राहिला. तो बार म्हणजे त्याचं राज्य होतं. ओकचं साडेसात फुटी काउंटर, मागे आरसा, त्यापुढे बाटल्यांची रांग, आणि त्या रांगेपुढे उभं राहून बोलताना आरशात दिसणारा तो स्वतः. ऑफिसात त्याचं कोणी ऐकत नसे, मुलगा राजस वॉटरलूला शिकायला गेल्यापासून फोन उचलत नसे. जगात चार माणसं ज्या एका जागी त्याचं म्हणणं माना डोलवत ऐकत, ती जागा हीच.

"अगं, ते कलेक्शन म्हणजे गुंतवणूक आहे," तो म्हणाला. "मी काय दुकानात जाऊन छापील किमतीला घेणारा आहे? ज्याला कळतं ना, त्याला नामी माल स्वस्तात मिळतो."

"असं? मग एकदा दाखवच," शुभदा म्हणाली. "तू सांगतोस तसली एक जुनी, नामी बाटली आण. तीनशे डॉलरच्या आत. नाताळापर्यंत. आणलीस तर बेसमेंट तुझं, मी आयुष्यात विषय काढणार नाही. वर दिवाणखान्यात दोन-तीन मुलं घेऊन भागवीन. नाही आणलीस, तर काउंटर फोडायला माणूस मी बोलावणार."

"शब्द?"

"शब्द. तुझा तू सांभाळ म्हणजे झालं."

टोरांटोत वर्षातून एकदा सरकारच्या परवानगीने जुन्या दारूचा लिलाव होई. प्रतापने तिथून पूर्वी काचेची एक सुरई घेतली होती, त्यामुळे कॅटलॉग घरी येई आणि तो संडासात वाचला जाई. त्या वर्षीच्या कॅटलॉगात लॉट नंबर एकशे बारा बघून प्रताप उठून उभाच राहिला. ग्लेन फर्नाख, १९७४ची. ही भट्टी त्र्याऐंशी सालीच बंद पडलेली. का बंद पडली याच्या प्रतापकडे पाच वेगवेगळ्या हकिकती होत्या, आणि तिची दारू लोकांना आवडत नव्हती हे कारण पाचांपैकी एकीतही नव्हतं. अंदाजे किंमत लिहिली होती, दीडशे ते दोनशे डॉलर.

मंडळाची तातडीची बैठक भरली.

"काय बाप्पा, हे तर फुकटातच भेटून राहिलं!" राजन म्हणाला.

"माझ्या तक्त्यात हिला चौऱ्याण्णव मार्क आहेत," नंदन म्हणाला. "कोणी दिलेत ते लिहिलेलं नाही, पण आहेत."

"एक मात्र आहे," अरविंद म्हणाला. "आपण पाचही जण बोलीच्या नंबराच्या पाट्या घेऊन बसलो तर आपणच आपल्यात भाव चढवू. एकाने बोली लावायची. प्रतापरावांनी. माणशी पन्नास, म्हणजे अडीचशेपर्यंत जायचं, त्यापुढे एक डॉलर नाही. बाटली इथे फोडायची, पाच वाटे."

"बरं आहे," शरदचंद्र म्हणाले. शब्द बदलला म्हणून सगळे चपापले.

मग पाचही जणांनी काउंटरवरच्या बाटलीवर हातावर हात ठेवून शपथ घेतली, की या लॉटवर दुसरं कोणी बोली लावणार नाही. खरं तर इथे सगळं भागलं होतं. अडीचशेला बाटली आली असती, शुभदाचा शब्द राहिला असता, बेसमेंट राहिलं असतं. पण त्या रात्री प्रतापला अंथरुणात एक हिशेब सुचला. बाटली साडेसातशे मिलिलिटर. पाचाने भागली की दीडशे. दीडशे मिलिलिटर ग्लेन फर्नाख अरविंदच्या घशात जाणार, ज्याने गेल्या महिन्यात मॉल्टबरोबर शेव खाल्ली! आणि ती नंदनने प्यायची? त्या तक्ता बघून वास येणाऱ्याने?

लिलावाची एक पद्धत असते. ज्याला स्वतः यायला जमत नाही त्याने चिठ्ठीवर आपला वरचा आकडा लिहून आधीच द्यायचा. मग लिलाव पुकारणारा त्याच्या वतीने बोली लावतो. प्रतापने अशी एक चिठ्ठी भरली, राजसच्या नावाने, पत्ता घरचा. आकडा दोनशे नव्वद. नवीन माणसाने लिलावघराला माहीत असलेल्या कोणाची तरी ओळख द्यायची असते, तिथे त्याने स्वतःचं नाव घातलं. योजना अशी, की आपण मंडळाची पाटी अडीचशेपर्यंत वर करायची, मग दुःखी चेहऱ्याने खाली ठेवायची, आणि बाटली दोनशे नव्वदच्या आत गुपचूप राजसला जाऊ द्यायची. बायकोलाही पटेल, मित्रांनाही कळणार नाही. फोनवर राजसला विचारलं तर तो म्हणाला, "व्हॉटेव्हर, डॅड. इज इट लीगल?"

"अरे, बापाला कायदा शिकवतोस?" प्रताप म्हणाला आणि फोन ठेवला.

लिलावाच्या शनिवारी बाकीचे चौघेही अडलेले निघाले. नंदनला ऑफिसचं काम, अरविंदची गाडी गॅरेजात, राजनला कॉन्डो दाखवायचा होता, शरदचंद्रांचा गुडघा. प्रतापला बरंच वाटलं. दुःखी चेहरा करायची मेहनत वाचली.

दोनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये तीसेक माणसं होती. शेजारी चौकड्यांच्या शर्टातला एक गोरा म्हातारा सँडविच खात बसला होता. प्रतापच्या कॅटलॉगावरची लाल खूण पाहून तो हसला.

"एकशे बारा? ती मागेही एकदा आली होती. कोणी हातच वर केला नाही. व्हिस्की बाटलीच्या खांद्याखाली उतरलीय बघ, बरीचशी हवा पिऊन गेली. या खेपेला शंभर-सव्वाशेला कोणीतरी घेईल, बाटली शोभेची आहे म्हणून."

प्रतापने त्याच्याकडे दयेने पाहिलं. सँडविच खाऊन लिलावाला बसणाऱ्याला काय कळणार!

लॉट एकशे बारा आला. पुकारणाऱ्या बाईंनी समोरच्या वहीत पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"याच्यावर माझ्याकडे बऱ्याच लेखी बोल्या आहेत. मला तीनशे पन्नासपासूनच सुरुवात करावी लागेल."

हॉलमध्ये कोणीतरी शीळ घातली. म्हाताऱ्याचं सँडविच तोंडाशी थांबलं. प्रतापने पाटी वर करायच्या आधीच मंडळाचे अडीचशे मेले होते, राजसचे दोनशे नव्वदही मेले होते. कोण आहे हा? नक्कीच अल्बर्टाचा कोणी तेलवाला, नाहीतर हॉकीवाला, बर्फ टाकून पिणार, वर सोडा ओतणार! तीनशेच्या वर गेलं की बेसमेंट गेलं, हे त्याला कळत होतं. पण आकडा काय बाटलीवर छापून येतो? घरी सांगायचं अडीचशे. कोण विचारायला जाणार आहे?

त्याची पाटी वर गेली. "तीनशे पंच्याहत्तर."

"वहीत चारशे आहेत," बाई म्हणाल्या.

"चारशे पंचवीस!" प्रताप जवळजवळ ओरडला.

हातोडा पडला. तीस माणसांनी त्या हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या. प्रतापला वाटलं, आपल्या जाणकारीला. म्हातारा मात्र डोळे पुसेपर्यंत हसत होता.

पैसे भरायच्या खिडकीवरची मुलगी फार गोड होती. "सर, तुमचे आभार कसे मानावेत कळत नाही," ती म्हणाली. "या लॉटवर पाच लेखी बोल्या आल्या, पाचही नवीन गिऱ्हाईकं, आणि पाचही जणांनी ओळख म्हणून तुमचंच नाव दिलंय. एवढे मित्र आणणारा माणूस आम्हाला अजून भेटला नव्हता."

पाच. एक राजस. उरले चार.

गाडीत बसल्यावर प्रतापने चौघांनाही मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या की गाडीच्या काचांवर आतून वाफ धरली. लबाड! हातावर हात ठेवून शपथ घेतली होती! स्वतःचीही चिठ्ठी होती हे त्याला हायवे लागेपर्यंत आठवलं नाही, आणि आठवलं तेव्हा वाटलं, आपली गोष्ट वेगळी. आपल्याला कळतं.

घरी त्याने बाटली टेबलावर ठेवली. "अडीचशे," तो म्हणाला.

शुभदाने बाटलीकडे पाहिलं. तिने खाली घालायच्या चटया आधीच विकत आणल्या होत्या, मोरपंखी आणि पिवळ्या. "बरं," ती म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द." चटया तिने गुंडाळून कपाटात वर ठेवल्या. तेवढा वेळ प्रतापने कॅटलॉग वाचला. त्यात वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी शुक्रवारी चार वाजता मंडळ जमलं. बाटलीचा मान म्हणून नोकरदारांनी दुपारनंतर रजा टाकली होती. तिघांनीही दातांच्या डॉक्टरचं कारण दिलं होतं.

"अडीचशेला म्हणजे कमालच केलीत!" नंदन म्हणाला आणि छताकडे बघू लागला. आपली पावणेतीनशेची चिठ्ठी पडली असताना बाटली अडीचशेला कशी गेली, हे त्याला तक्त्यात मांडता येत नव्हतं.

"स्वस्तच म्हणायची," अरविंद म्हणाला. त्याने तीनशे दहा लिहिले होते.

"वा राजे, नशीब आहे भाऊ तुमचं!" राजन म्हणाला. त्याचे सव्वातीनशे.

शरदचंद्र काहीच बोलले नाहीत. ज्याने चारशे लिहिलेले असतात त्याने काय बोलायचं? पाचांनाही ठाऊक होतं की अडीचशे ही थाप आहे, आणि पाचांपैकी एकालाही तसं म्हणायची सोय नव्हती. चौघांनी पन्नास-पन्नासच्या नोटा काढून दिल्या. त्या घेताना प्रतापने प्रत्येकाच्या डोळ्यांत बघितलं. एकाचीही पापणी हलली नाही.

बूच काढायला गेला तर ते भुसा होऊन आत पडलं. चहाच्या गाळणीतून ग्लेन फर्नाख गाळून पाच ग्लासांत ओतली गेली. पाच नाकं पाच ग्लासांत गेली.

पाचही बाहेर आली, जरा घाईनेच.

"थांबा जरा, उघडू द्या तिला," प्रताप म्हणाला. "ओल्या काथ्याची झाक आहे बघा मागे. आणि, आणि जुनं वर्तमानपत्र."

"चौऱ्याण्णव," नंदन खोल आवाजात म्हणाला.

"भाऊ, हे तर मोऱ्या धुतल्यावानी लागून राहिलं," राजन म्हणाला आणि लगेच सावरला, "म्हणजे, चांगल्या मोऱ्या."

"बरी आहे," शरदचंद्र म्हणाले. पण ग्लास त्यांनी खाली ठेवला.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. शुभदा खाली आली. हातात भज्यांची बशी नव्हती, एक लिफाफा होता.

"राजसच्या नावाने पत्र आलंय," ती म्हणाली. "मला वाटलं फीचं काही असेल, म्हणून उघडलं. लिलाववाल्यांचं आहे. कळवायला खेद होतो म्हणतात, की राजसने लॉट एकशे बारावर लावलेली दोनशे नव्वदची लेखी बोली कमी पडली. बाटली चारशे पंचवीसला गेली. पुढच्या वेळी नशीब उघडो म्हणून शुभेच्छा दिल्यात."

ज्यांचे ग्लास हातात होते त्यांनी ते खाली ठेवले.

पहिला उठला नंदन. "प्रताप! पोराच्या नावाने? हातावर हात ठेवून शपथ घेतली होती आपण!"

"विश्वासघात आहे हा," अरविंद म्हणाला. "मंडळाच्या पाठीत सुरा!"

"मी तर म्हणतो, अध्यक्षपद काढून घ्या," राजन म्हणाला. "असा माणूस आमच्या नागपुरात असता ना बाप्पा, तर पान ठेल्यावर कोणी चुना नसता दिला त्याला!"

शरदचंद्रांनी फक्त मान हलवली, पण अशी, की जणू सारी माणुसकीच आज त्यांच्यादेखत सरणावर चढली.

प्रताप आरशात पाठमोरा उभा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "अशी पत्रं ते सगळ्यांना पाठवतात. ज्याची ज्याची चिठ्ठी पडली त्याला. घरच्या पत्त्यावर. एकाच दिवशी टपालात टाकत असतील, नाही का?"

भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते.

नंदनचा रंग उतरला. सुहासिनी, त्याची बायको, सव्वापाचच्या बसने उतरायची, आणि इथून मैलभरावर त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या सामाईक टपालपेट्यांतून पत्रं काढूनच घरी यायची. आणि घरातल्या प्रत्येक कागदावरची तारीख वाचणारी बाई होती ती.

"मी येतो," नंदन म्हणाला. "मला, ते, औषध घ्यायचंय."

"थांब, माझी गाडी तुझ्या मागे आहे," अरविंद म्हणाला आणि आयुष्यात पहिल्यांदा चिवड्याचं पाकीट मागे ठेवून जिन्याकडे धावला.

"अरे, पण माझ्या मागे राजनची आहे ना!" तो जिन्यातूनच ओरडला.

"काढतो ना बे, ढकलून काय राहिला!"

शरदचंद्रांचा गुडघा त्या दिवशी कोणीही पाहायला हवा होता. दोन-दोन पायऱ्या घेत ते तिघांच्याही पुढे निघाले. स्कारबरो गाठायला शुक्रवारच्या गर्दीत दीड तास लागणार, हे त्यांना दारात बूट चढवताना आठवलं असावं, कारण वरून त्यांचा आवाज आला. नऊ वर्षांतला तो चौथा शब्द इथे लिहिण्यासारखा नाही.

बाहेर दुपारपासून बर्फ पडत होतं. ड्राइव्हवेत चार गाड्या एकामागे एक अडकलेल्या, सगळ्यांत शेवटी राजनची, आणि राजनने विंटर टायर्स घातलेले नव्हते. त्याचं इंजिन रेकलं, तिघांनी मागून आरडाओरडा केला, कोणीतरी बर्फ उपसायचं फावडं मागितलं, कोणीतरी कोणाला लबाड म्हटलं, आणि दुसऱ्याने ते परत केलं.

बेसमेंटमध्ये पाच भरलेले ग्लास राहिले, आणि दोन माणसं.

"शुभदा," प्रताप म्हणाला, "ऐक तरी. या चौघांनी चिठ्ठ्या टाकल्या नसत्या ना, तर बाटली सव्वाशेला मिळत होती. एका म्हाताऱ्याने सांगितलं मला. म्हणजे माझा अंदाज बरोबरच होता. तत्त्वतः मी…"

"पाचव्याने टाकली नसती तर?"

प्रतापने गाळणीतला बुचाचा भुसा बोटाने चाळायला घेतला.

तिने एक ग्लास उचलला, वास घेतला, जिभेला लावला आणि ठेवून दिला. "चारशे पंचवीस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर प्रतापला बरं वाटलं असतं. "मी चटया कपाटात ठेवत होते तेव्हा तू समोर बसला होतास."

मग तिने खिशातून मोजपट्टी काढली, काउंटरच्या एका टोकाला लावली आणि दुसरं टोक त्याच्यापुढे धरलं.

"धर इथे. घट्ट. सोमवारी माणूस येतोय, त्याला माप द्यायचंय."

प्रतापने ते धरलं. बाहेर राजनची चाकं जागच्या जागी गरगरत होती, आणि नंदन बर्फातून आपल्या गल्लीच्या कोपऱ्याकडे पायीच धावत सुटला होता.